वाटीमागे एक चमचा साखर
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या सभेत केलेले भाषण)



भाषण हा काही माझा प्रांत नव्हे. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुमचं ते कमी साखरेचं चॉकलेट पुडिंग सगळ्यांना करून दाखवा. बोलायचं काही नाही, हात चालले की तोंड आपोआप चालतं." त्यांच्या या भरवशावर मी येथे उभी आहे. शेगडी मांडलेली आहे, दूध आणलेले आहे, आणि पुढच्या रांगेतील मुलांचे लक्ष माझ्या बोलण्याकडे नसून पातेल्याकडे आहे हेही मला दिसते आहे. तरी पातेले शेगडीवर चढवण्यापूर्वी मला एक कबुली द्यावयाची आहे. तिच्याशिवाय ही कृती सांगण्याचा मला अधिकार नाही असे मला वाटते.

आपल्यापैकी जुन्या सभासदांना चार वर्षांपूर्वीची कोजागिरी आठवत असेल. गच्चीवर आटीव दूध होतेच; पण मधुमेहामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी काहीतरी निराळे करावे असे माझ्या मनात आले. मी चॉकलेटचे पुडिंग केले. मोठ्या हौसेने केले. त्यात साखरेचा एक दाणा घातला नाही. घातले काय, तर अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क, डझनभर खजूर वाटून, आणि चार मोठे चमचे ड्रिंकिंग चॉकलेट. आणि ताट घेऊन गच्चीवर फिरताना मी मोठ्या अभिमानाने प्रत्येकीला सांगत होते, "घ्या हो निर्धास्त, यात साखर मुळीच नाही."

आमच्या शेजारच्या काकू पंधरा वर्षांच्या मधुमेही. एरवी पेढ्याचा कणसुद्धा तोंडात घालायच्या नाहीत. त्या रात्री त्यांनी तीन वाट्या खाल्ल्या. पहाटे त्यांना फार तहान लागली, गळल्यासारखे वाटू लागले. मुलाने यंत्रावर साखर पाहिली, ती तीनशेच्या पलीकडे. सकाळी डॉक्टरांकडे नेले. सुदैवाने दोन दिवसांत सर्व ठीक झाले. मी धावत भेटायला गेले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगं, तू म्हणालीस म्हणून खाल्लं गं मी."

भगिनींनो, यापेक्षा त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते. पुढे वर्षभर काकू आमच्या घरी येत, बसत, नातवाचे कौतुक करीत, पण काही पुढे केले की म्हणत, "नको, पाणी दे फक्त." चहासुद्धा नाही. आपल्याकडे घरात आलेल्या माणसाने पाण्यावर उठून जावे याचा अर्थ काय होतो, हे तुम्हांला मी सांगावयास नको.

मी खोटे बोलले नव्हते. साखरेच्या डब्याला मी खरोखरच हात लावला नव्हता. पण साखर ही डब्यातूनच येते अशी माझी समजूत होती. त्या दिवसानंतर मी चष्मा लावून डब्यांवरील बारीक अक्षरे वाचू लागले. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते. ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको नव्हे. त्यात कोको थोडा आणि साखरेचाच भाग मोठा. खजुराचे तर वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर. म्हणजे मी साखर वगळली नव्हती, तिला तीन निरनिराळी लुगडी नेसवून पंगतीला बसवली होती. वर जे दूध घातले त्यात दुधाची स्वतःची साखर, अर्ध्या लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम. आणि कॉर्नफ्लॉवर गोड लागत नसले तरी ते मक्याचे सत्त्व आहे, शुद्ध पिष्ट आहे; पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते.

तेव्हा आज मी तुम्हांला बिनसाखरेचे पुडिंग दाखवणार नाही. कमी साखरेचे दाखवणार आहे, आणि ती साखर किती आहे हेही सांगणार आहे. या दोन गोष्टींत माझ्या लेखी फार मोठे अंतर आहे.

आता प्रथम कोकोविषयी दोन शब्द, कारण दुकानात फसगत तेथेच होते. कोकोचा आपल्या कोकमाशी काही संबंध नाही, नारळाशीही नाही. मात्र नारळ-सुपारीच्या बागांतून त्याचे आंतरपीक घेतात. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडू या भागांत त्याची लागवड होते, आणि कर्नाटकात पुत्तूर येथे कॅम्पको या बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे. मूळचे झाड अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील जुने लोक या बियांचे पेय करीत, ते कडूच, मिरचीसुद्धा घालीत. साखर त्यात युरोपियनांनी घातली. पुढे १८२८ साली हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांनी या बियांच्या लगद्यातील चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि उरलेल्या चोथ्याची भुकटी म्हणजे आपली कोको पावडर. तिच्यावर सौम्य क्षाराची प्रक्रिया करण्याची रीतही त्यांच्याच घराण्याची. त्या प्रक्रियेने कोकोचा आंबटपणा मोडतो, रंग गडद होतो आणि चव मवाळ होते. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, असा प्रक्रिया केलेला कोको घेतला तर चव झाकण्यासाठी साखर कमी लागते. डब्यावर 'डच' किंवा 'अल्कलाइज्ड' असा शब्द पाहावा. आणि घटकांच्या यादीत साखर हा शब्दच नाही ना, हे त्याहून आधी पाहावे. यादीतील पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलेच नाव साखरेचे असेल तर डबा मुकाट्याने फळीवर परत ठेवावा.

आता साखर किती? मी पूर्वी अर्ध्या लिटर दुधाला आठ मोठे चमचे, म्हणजे १०० ग्रॅम साखर घालीत असे. पुस्तकी कृतींतून हे प्रमाण सर्रास आढळते. कोजागिरीनंतर मी एक नेम केला. दर पंधरवड्याला पुडिंग करावयाचे आणि दर खेपेला एक मोठा चमचा साखर कमी करावयाची, घरात कोणाला न सांगता. सात झाले, सहा झाले, पाच झाले. कोणाच्या लक्षात आले नाही. चाराला आमचे 'हे' म्हणाले, "आज जरा चॉकलेटची चव जास्त आलीय, छान." तीनाला म्हणाले, "कोको नवीन आणलास का? कडवट निघालाय." मग मी थांबले आणि विचार करू लागले, की साखर न वाढवता हा कडवटपणा मोडावा कसा.

यातून ज्या चार गोष्टी हाती लागल्या त्या मी तुम्हांला देते, आणि या भाषणातून एवढ्याच तुम्ही घरी नेल्यात तरी मला पुरे.

पहिली गोष्ट मीठ. चिमूटभर, अगदी चिमूटभर. आपल्या आया शिऱ्यात, पुरणात मिठाचा कण टाकीत, तो काही उगाच नव्हे. मीठ कडवटपणा दाबते आणि गोडी पुढे आणते. दुसरी गोष्ट वास. व्हॅनिलाचा वास आला की गोड येणार असे जिभेला आधीच वाटू लागते. वेलदोडा मी घालून पाहिला, पण मग ते चॉकलेट राहत नाही, बासुंदीचे भावंड होते, जायफळही नको. पाव चमचा कॉफीची पूड मात्र चालते, कॉफीचा वास येत नाही आणि कोको भरदार लागतो. मुलांसाठी करताना कॉफी घालू नये. तिसरी गोष्ट स्निग्धता. अगदी निरसे, पाण्यासारखे दूध घेतले तर कोको जिभेवर कोरडा लागतो. शेवटी घातलेला एक लहान चमचा लोणी हे काम करतो.

चौथी गोष्ट मला योगायोगाने कळली, आणि तीच सर्वांत मोलाची ठरली. एकदा पाहुणे लवकर आले आणि पुडिंग पुरते गार होण्याआधीच वाढावे लागले. त्या दिवशी सर्वांनी ते गोड असल्याचे सांगितले. दोन दिवसांनी तेच उरलेले पुडिंग फ्रिजमधून काढून लगेच खाल्ले, तर अळणी. अति थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. आइस्क्रीम वितळले की ते किती गोडमिट्ट लागते, हे सर्वांनी अनुभवले असेल. म्हणून पुडिंग फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवावे आणि मग वाढावे. यात खर्च काही नाही, फक्त धीर हवा.

या चार गोष्टींच्या बळावर मी दोन मोठ्या चमच्यांवर आले. धाडस करून एकावरही गेले, पण नातवाने एक घास घेऊन विचारले, "आजी, हे औषध आहे का?" तेव्हा परत दोनावर आले. दोन मोठे सपाट चमचे म्हणजे चहाचे सहा, साधारण २५ ग्रॅम. त्यात सहा लहान वाट्या होतात. म्हणजे वाटीमागे चहाचा एक चमचा साखर. हा हिशेब मला मुद्दाम असा सोपा हवा होता, कारण पंगतीत कोणी विचारले तर कागद-पेन्सिल न काढता सांगता आले पाहिजे.

चला, आता शेगडी पेटवू या. साहित्य असे: अर्धा लिटर दूध, सपाट तीन मोठे चमचे कोको, सपाट तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, सपाट दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, एक लहान चमचा लोणी, एक लहान चमचा व्हॅनिला इसेन्स. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीलीटरचा. मापाच्या चमच्यांचा जुडगा हल्ली कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. 'सपाट' हा शब्द मी तीनदा म्हटला, तो विसरू नका. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून आपल्याला वाटी-चमच्याच्या मापाची सवय लावली हे खरे, पण आपला हात मोठा. चमचा भरला की त्यावर शिखर ठेवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. शिखराचे तीन चमचे म्हणजे सपाट पाच. सुरीच्या पाठीने चमचा सारखा करावा.

कोको, कॉर्नफ्लॉवर, साखर आणि मीठ हे चाळणीतून एकत्र चाळून घ्यावे. साखर भरपूर असते तेव्हा तिचे दाणेच कोकोचे कण वेगवेगळे ठेवतात. साखर कमी केली की गुठळ्या अधिक होतात. माझ्या पहिल्या दोन-तीन खेपा त्यातच वाया गेल्या. कोकोत थोडी चरबी असल्यामुळे तो दुधात सहजी भिजत नाही, वर तरंगत राहतो. म्हणून चाळलेल्या भुकटीत आधी पाच-सहा चमचेच गार दूध घालून गंधासारखे गुळगुळीत वाटल्याप्रमाणे घोटावे, मग आणखी थोडे घालावे. दूध गारच हवे. गरम दुधात कॉर्नफ्लॉवर टाकले की बाहेरून शिजते आणि आत कोरडे राहते. ती गुठळी मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

उरलेले दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापत ठेवावे. हे पाहा, कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले. आता आच मंद करून घोटलेले मिश्रण एकदा ढवळून बारीक धारेने सोडावे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. ढवळताना लाकडी डाव बुडाला टेकलेला असावा; नुसते वरवर फिरवले तर तळाला लागते, आणि कोको करपला की त्या पातेल्याचे पुढे काही होत नाही. दोन-तीन मिनिटे काहीच होत नाही असे वाटते. बायका येथेच घाबरतात आणि आणखी एक चमचा कॉर्नफ्लॉवर घालतात. घालू नये. थोडा दम धरला की एकाएकी डाव जड होतो आणि पिठल्यासारखे फद् फद् होऊ लागते. पण तेथेही लगेच उतरवू नये. या फदफदण्यानंतर मंद आचेवर आणखी एक-दोन मिनिटे शिजवावे, नाहीतर जिभेला कच्च्या पिठाची चव लागते.

तीन चमचेच कॉर्नफ्लॉवर का, असे मला परवा कोणीतरी विचारले. पूर्वी मी साडेतीन घालीत असे. पण साखर पाणी धरून ठेवते आणि पिष्टाला फुगू देत नाही. साखर कमी झाली की तेच कॉर्नफ्लॉवर अधिक घट्ट बसते. साडेतीन ठेवले तेव्हा आमच्याकडे सुरीने कापण्याजोग्या वड्या झाल्या होत्या. कपड्यांना देतो त्या खळीची आठवण झाली.

आता उतरवून लोणी आणि व्हॅनिला घालते. एकदा हलक्या हाताने एकजीव करावे आणि लगेच वाट्यांत ओतावे. घट्ट झाल्यावर फार घोटले की पुडिंग पातळ होते, म्हणून रवी वगैरे घालू नये. वर जाड साय धरू नये असे वाटत असेल तर स्वच्छ केळीच्या पानाचा तुकडा किंवा चिकटणारा कागद थेट पुडिंगला टेकवून ठेवावा. आमच्याकडे मात्र सायीवरून भांडणे होतात, तेव्हा मी काहीच झाकत नाही. निवल्यावर दोन तास फ्रिजमध्ये. दोन दिवसांपलीकडे ठेवू नये, आणि बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको. पाणी सुटून फाटल्यासारखे होते. वर हवे असल्यास भाजलेल्या बदामाचे काप किंवा संत्र्याच्या दोन सोललेल्या फोडी. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळाली तर तिच्या आंबटपणाने कोको फार खुलतो.

आता वाटी कोणती? आमरसाची नव्हे आणि वरणाचीही नव्हे. मी लहान वाटी म्हणते ती कोशिंबिरीची. या मापाच्या वाटीत घातलेली साखर ४ ग्रॅम, दुधाची साखर ४ ग्रॅम, आणि कॉर्नफ्लॉवर व कोकोचे मिळून आणखी सुमारे ४. एकूण साधारण १२ ग्रॅम. आठ चमच्यांच्या माझ्या जुन्या पुडिंगात हाच आकडा वाटीमागे २५च्या घरात जात होता. म्हणजे निम्म्यावर आले, शून्यावर नाही. एक लहानसा फुलका खाल्ल्यावर पोटात जे जाते त्याच्या जवळपास. मधुमेही माणसाने ही वाटी जेवणाच्या हिशेबात धरावी, हिशेबाबाहेर नव्हे. आणि आपल्याला चालेल की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, मला विचारू नये. मी एकदा उत्तर देऊन बसले आहे.

ज्यांना मधुमेह नाही त्यांनीही आकडा ऐकून ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत आणली तर अधिक बरे. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. दिवसाचे तीन कप चहा, कपाला दोन चमचे, एवढ्यातच तो कोटा संपला. मग आपला वर्धापनदिन, संक्रांत, डोहाळजेवणे ही सर्व उधारीवर! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत देशातील मधुमेही माणसांचा अंदाज १० कोटींच्या वर होता. आपल्या मंडळात मी हात वर करावयास सांगणार नाही, पण प्रत्येक घरी एक तरी गोळीची डबी आहे, हे आपण जाणतो.

गूळ घातला तर चालेल का, हा प्रश्न येणार हे ठाऊक आहे, कारण तो दर वेळी येतो. गूळ मलाही प्रिय आहे. पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ, काकवी, मध ही साखरेचीच सख्खी भावंडे. लोह थोडे मिळते म्हणून मधुमेही माणसाला गूळ मोकळा होत नाही. शिवाय उकळत्या दुधात गूळ पडला की पुष्कळदा दूध फाटते, तो वैताग निराळाच. साखरेऐवजी गोळ्या आणि थेंब घालावे का, असेही विचारतात. या कृत्रिम गोडीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली असा सल्ला दिला की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी म्हणून ती वापरू नये; मात्र हा सल्ला ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हता, त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या मताने चालावे. माझ्यापुरते म्हणाल तर मला तिची मागून येणारी कडवट चव आवडत नाही, आणि तिने जिभेची गोडाची सवय होती तेथेच राहते. पंधरवड्याला एक चमचा कमी करीत गेले तेव्हा पुडिंगाबरोबर आमची जीभही बदलली. आता बाहेरचे पुडिंग आमच्या 'ह्यां'ना दोन चमच्यांपलीकडे जात नाही. त्यांनी चहातली साखरही अर्ध्यावर आणली, आणि तीही मला न सांगता. म्हणजे घरात चोरून साखर कमी करणारी मी एकटीच नव्हते.

आता राहिल्या काकू. गेल्या वर्षी चैत्रात त्या आल्या. मी पन्हे पुढे केले नाही. एका कागदावर आतापर्यंत तुम्हांला सांगितले ते सर्व लिहून ठेवले होते: दूध इतके, साखर इतकी, कॉर्नफ्लॉवर इतके, वाट्या सहा. तो कागद आणि एक वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "काकू, यात साखर आहे. किती आहे ते लिहिलंय. खायचं की नाही ते तुम्ही ठरवा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "दुपारच्या जेवणात एक पोळी कमी करीन आणि मग अर्धी खाईन. आत्ता झाकून दे." वाटी घेऊन गेल्या. मी दुपारभर घरात येरझारा घातल्या. जेवणानंतर दोन तासांनी त्यांचा फोन आला. "एकशे बेचाळीस," एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला. हा आकडा त्यांचा आहे, त्यांच्या गोळीचा आणि त्या दिवशीच्या जेवणाचा आहे; तो तुमचाही येईल असा भरवसा मी देत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकामी वाटी परत द्यायला आल्या तेव्हा वाटीत चार जाईची फुले होती, आणि स्वयंपाकघरात पाटावर बसत त्या म्हणाल्या, "चहा टाक. बिनसाखरेचा."

तेव्हापासून आपल्या कार्यकारिणीने माझी एक सूचना मान्य केली आहे, तिची आठवण करून देते. मंडळाच्या कार्यक्रमाला जी जो पदार्थ आणील तिने त्यात काय काय आहे याची चिठ्ठी ताटाजवळ ठेवावी. साखर, गूळ, कंडेन्स्ड मिल्क, जे असेल ते, आणि अंदाजे किती. शेंगदाण्याचा कूट असेल तर तोही लिहावा, कारण तो न चालणारी मुलेही आहेत. "साखर नाही हो यात" असे कोणी तोंडी सांगू नये, मी तर नाहीच नाही. काहीजणींना यात संकोच वाटतो, की आपल्या हाताचे गुपित उघडे होईल. त्यांनी वाटल्यास मसाल्याचे प्रमाण लपवावे, साखरेचे नको.

आत टेबलावर काल केलेल्या साठ वाट्या मांडल्या आहेत. वीस मिनिटांपूर्वीच बाहेर काढल्या आहेत, तेव्हा आता अगदी योग्य वेळ आहे. चिठ्ठी ताटाला टाचली आहे, ती वाचून घ्यावे. डावीकडच्या ताटात वर बदाम आहेत, उजवीकडच्यात काही नाही. काकूंची अर्धी वाटी मी निराळी काढून ठेवली आहे, ती कोणी उचलू नये. आणि आत्ता केलेल्या या पातेल्यातली खरवड पुढच्या रांगेतल्या मुलांची. फक्त चमचे आपापले आणा, आणि पातेले अजून गरम आहे हे ध्यानात ठेवा.